जुन्या गाण्यांना गमतीची उत्तरं, आणि गप्प झालेली मैत्रीण

एका वाचक भगिनींचं पत्र थोडक्यात असं : वय ५६. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप आहे. दर रविवारी त्या तिथे ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या इंग्रजी पॉप गाण्यातली ओळ घेतात आणि जणू आपल्यालाच विचारलंय अशा थाटात तिला उत्तर देतात. दीड वर्ष हा खेळ रंगलाय आणि आता स्नेहसंमेलनात याच विषयावर ४५ मिनिटांचा कार्यक्रम करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आलीय. मध्यंतरी 'एव्हरी ब्रेथ यू टेक' या गाण्याला त्यांनी पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रार अर्जाच्या रूपात उत्तर लिहिलं. सगळे पोट धरून हसले, पण एक मैत्रीण त्या दिवसापासून ग्रुपवर अवाक्षर बोललेली नाही. नंतर दुसरीकडून कळलं की तिच्या दिवंगत नवऱ्यानं लग्नाआधी तिला भरून दिलेल्या कॅसेटवरचं ते पहिलं गाणं होतं. यजमान म्हणतात, गंमत ती गंमत, एवढं मनावर काय घ्यायचं. आणखी एक मैत्रीण म्हणते, आपल्याच तरुणपणाची टिंगल कशाला? त्यांचे प्रश्न असे : खेळ थांबवू का? ते गाणं वगळून कार्यक्रम करू का? काही उत्तरांवर सगळे खळखळून हसतात आणि काही साफ पडतात, ते का? आणि संमेलनाला सगळ्यांची मुलंही येणार, त्यांना ही गाणी ठाऊकच नाहीत, त्याचं काय करू?

खेळ थांबवू नका. कार्यक्रमही करा. मात्र त्याआधी एक फोन करायचा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तो कसा करायचा हे कार्यक्रमापेक्षा महत्त्वाचं आहे.

आधी तुमच्या पत्रात गृहीत धरलेली एक गोष्ट बाजूला काढू. गाण्याची गंमत करणं आणि गाण्यावर जीव असणं यांतलं एकच काहीतरी आपल्याला निवडायचंय, असं तुम्ही मानून चालला आहात. यजमान एका काठावर, मैत्रीण दुसऱ्या, आणि तुम्ही मधे. पण तुम्ही सोबत पाठवलेली उत्तरं वाचली की दिसतं, ही लिहिणाऱ्या बाईनं गाणी कान देऊन ऐकली आहेत. द क्लॅशचं १९८२ सालचं 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' घ्या. तुमचं उत्तर होतं : "जा. गेलात तर त्रास, राहिलात तर दुप्पट, हा हिशोब तुम्हीच मांडलाय." हे अगदी खरं आहे! त्या गाण्यातच गेल्यास त्रास आणि राहिल्यास दुप्पट त्रास असं म्हटलंय, आणि तरीही गाणारा अखेरपर्यंत विचारतच राहतो. ज्यानं गाण्याचं फक्त नाव ऐकलंय त्याला हे उत्तर सुचलंच नसतं. ही टिंगल नाही, हे लक्ष देणं आहे.

मग ती गप्प झालेली मैत्रीण का दुखावली? तिथे दुसरं गृहीतक आहे. गाण्याचा खरा अर्थ तुम्हाला कळलाय आणि तिला तो कधी कळलाच नव्हता, असं तुमच्या पत्रातून ओझरतं जाणवतं. अर्थापुरतं बोलायचं तर तुमचं बरोबरच आहे. द पोलिस या बँडचं ते गाणं १९८३ मध्ये आलं, अमेरिकेत सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, जगभर लग्नांमध्ये वाजलं. पण ते लिहिणाऱ्या स्टिंगनंच वारंवार सांगितलंय की हे मत्सराचं, पाळत ठेवण्याचं गाणं आहे, लोक त्याला उगाच प्रेमगीत समजतात. तुमचा तक्रार अर्ज गाण्याच्या शब्दांना धरूनच होता. पण तुमच्या मैत्रिणीकडे आहे ती एक कॅसेट. एका माणसानं कितीतरी वेळ बसून, एकेक गाण्यानंतर बटण दाबून, पाठीमागच्या कागदावर बारीक अक्षरात नावं लिहून भरलेली. तिच्या बाजू 'ए'वर पहिलं काय लावायचं हे त्यानं विचार करून ठरवलं होतं. स्टिंगचं म्हणणं खरं असल्यानं ती कॅसेट खोटी ठरत नाही.

म्हणून फोनवर हा अर्थाचा मुद्दा अजिबात काढू नका. "अगं, पण ते मुळात प्रेमगीत नाहीच" हे वाक्य माहिती म्हणून बरोबर आहे आणि सांत्वन म्हणून फार वाईट.

आणखी एक. तिच्या गप्प राहण्याचं कारण तुम्हाला तिसऱ्याकडून कळलंय. ते खरं असेलही, पण कदाचित ती त्याच आठवड्यात आजारी असेल, कुणाच्या दवाखान्यात अडकली असेल, किंवा तुमच्या उत्तरानं नव्हे तर त्याखाली कुणीतरी टाकलेल्या शेऱ्यानं दुखावली असेल. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत काही ठरवू नका.

फोन असा करा. निरोप नको, फोनच. आणि ती घरात निवांत असेल अशा वेळी. सुरुवातीलाच सांगून टाका : "मी ते लिहिलं तेव्हा तुझ्या कॅसेटचं मला ठाऊक नव्हतं. कळल्यापासून चुटपुट लागलीय." एवढंच. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" असं म्हणू नका, त्या 'तर'मुळे वाईट वाटल्याचं सिद्ध करायची पाळी तिच्यावर येते. मग तिला बोलू द्या. ती कॅसेटबद्दल बोलू लागली तर त्यावर पुढे कुठली गाणी होती ते विचारा. अशा माणसाला बहुतेक वेळा माफीपेक्षा ती यादी सांगायला मिळणं हवं असतं. कार्यक्रमाचा विषय त्याच फोनमध्ये काढायचा मोह टाळा. दोन-तीन दिवस जाऊ द्या, नाहीतर फोन परवानगीसाठीच होता असं तिला वाटेल. ग्रुपवर जाहीर माफीही मागू नका. तिनं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यातून चाळीस जणांना कळेल.

कार्यक्रमातल्या त्या गाण्याचं म्हणाल, तर तीन वाटा आहेत. गुपचूप वगळणं सोपं, पण ते तुमचं सगळ्यात गाजलेलं उत्तर, कुणीतरी सभागृहातून "तो तक्रार अर्ज वाचा ना" म्हणणारच, आणि तुम्ही मंचावर अडखळाल. तिच्या नवऱ्याच्या आठवणीत गाणं पूर्ण वाजवणं ही कल्पना तुम्हाला सुचली आहे, पण तिला न विचारता ते कधीच करू नका. खाजगी कॅसेट सगळ्यांसमोर वाजवणं म्हणजे तिचं कपाट उघडून दाखवणं. तिसरी वाट मला योग्य वाटते : गाणं वगळा, वगळतेय हे तिला आधी सांगा, आणि फर्माईश आलीच तर द्यायचं एक वाक्य तयार ठेवा. "तो अर्ज मागे घेतलाय." लोक हसतील आणि तुम्ही पुढे सरकाल. ती आपणहून म्हणाली की वाजव, तर गोष्ट वेगळी.

आता उत्तरं का पडतात त्याकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या एकवीस उत्तरांतली नऊ पडली असं तुम्ही लिहिलंय. ती नऊ पुन्हा वाचली. दोष बहुतेक ठिकाणी विनोदबुद्धीचा नसून बांधणीचा आहे, म्हणजे दुरुस्त होण्यासारखा आहे.

पहिली कसोटी अशी लावा : मूळ ओळ काढून टाकली तरी उत्तर चालतंय का? चालत असेल तर ते फेकून द्या. "अजून हेच ऐकता का?" हे कुठल्याही गाण्याला लागू पडतं. त्या काळच्या केशरचनेवरचं, खांद्यांच्या पॅडवरचं, गायकाच्या वयावरचं उत्तरही तसंच. 'टिंगल कशाला' म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला टिंगल वाटली ती अशाच दोन उत्तरांमुळे असावी, आणि तिथे तिचं म्हणणं मला पटतं. उत्तराचा रोख ओळीतल्या दाव्यावर हवा. ओळ ऐकणाऱ्यावर किंवा गाणाऱ्याच्या अंगावर नको.

दुसरं म्हणजे लांबी. व्हिटनी ह्यूस्टनच्या १९८५ च्या 'हाउ विल आय नो'ला तुम्ही सहा ओळींचं उत्तर लिहिलंय, त्यात मानसशास्त्र आहे, देहबोली आहे, मैत्रिणीचा सल्ला आहे. गाणं विचारतंय, त्याचं माझ्यावर प्रेम आहे हे मला कळणार कसं? उत्तर एका शब्दाचं आहे : "विचारून." प्रश्न जितका व्याकुळ, उत्तर तितकं थोडक्यात. ओळीपेक्षा उत्तर लांब झालं की ऐकणारा मधेच हसायचं की थांबायचं या पेचात पडतो.

तिसरी अडचण खास मराठीची आहे आणि ती समजली की बरीच उत्तरं एका झटक्यात सुधारतील. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ज्या शब्दावर हसायचं तो वाक्याच्या पोटात अडकतो आणि वर 'असतं', 'आहे', 'नाही' यांचं झाकण बसतं. स्वीडनच्या युरोप या बँडचं १९८६ चं 'द फायनल काउंटडाउन' आठवा, त्यात मंडळी शुक्राकडे निघालीत. तुमचं उत्तर : "शुक्र ग्रहावर जाताना स्वेटर बरोबर घेण्याची आवश्यकता नाही, कारण तिथलं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असतं." माहिती चोख. पण हशा 'स्वेटर'वर आहे आणि तो शब्द चौथ्या क्रमांकावर येऊन गेला. मग उरलेलं वाक्य लोक भूगोलाच्या तासासारखं ऐकतात. ते असं करून बघा : "शुक्रावर? तिथे ४६५ अंश. बॅगेतून काढा आधी ते दोन स्वेटर." आधी कारण, मग आज्ञा, आणि क्रियापद पुढे ओढून नाम शेवटी. बोलताना आपण हे सहज करतो, लिहायला बसलो की शाळेतलं वाक्य येतं. म्हणून प्रत्येक उत्तर आधी तोंडानं म्हणा, मग कागदावर घ्या. त्याच गाण्यात अजून कितीतरी प्रकाशवर्षं जायचंय अशा अर्थाची ओळ आहे. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा तिथे पोचायला प्रकाशाला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. उत्तर : "प्रकाशवर्षं कसली? हे काय, सव्वादोन मिनिटं." याला मी पहिल्यापेक्षा वरचा नंबर देईन.

ओळीचं मराठीत भाषांतर करून मग उत्तर देण्याची सवयही सोडा. तुमची चार उत्तरं तिथेच पडली. इंग्रजी ओळ कानात चालीसकट बसलेली असते, भाषांतर केलं की चाल जाते आणि उरतो तो सपाट मजकूर. ओळ इंग्रजीतच वाजू द्या, उत्तर थेट मराठीत द्या. दोन भाषांमधल्या त्या उडीतच अर्धी गंमत आहे. स्टीव्ही वंडरचं १९८४ चं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' घ्या. आज सण नाही, समारंभ नाही, लग्नकार्य नाही, सहज फोन केला, असं तो सांगत राहतो. यावर आईच्या आवाजात : "काय झालंय ते खरं सांग. उगीच कोण फोन करतं?" हे इंग्रजीत कुणालाही सुचणार नाही आणि मराठीत कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

आईचा आवाज तुमच्या हातचा हुकमी एक्का आहे, तो ४५ मिनिटांत दोनदाच वापरा. बाकी उत्तरांना निरनिराळी माणसं द्या : चौकशी खिडकीमागचा कारकून, घरमालक, गणिताचे सर, सहलीचा मार्गदर्शक. टोटोच्या १९८२ च्या 'आफ्रिका'त किलिमांजारो पर्वत सेरेंगेटीच्या मैदानावर डोकं वर काढून उभा आहे, पण नकाशात दोघांमध्ये दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. गाणं लिहिणारा डेव्हिड पेच तेव्हा आफ्रिकेत गेलेलाही नव्हता. सहलीचा मार्गदर्शक म्हणेल : "किलिमांजारो उद्याच्या कार्यक्रमात आहे, साहेब. दुर्बीण ठेवा आत." जर्नीच्या १९८१ च्या 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन'मधला मुलगा साउथ डेट्रॉइटचा. डेट्रॉइटच्या मध्यभागातून दक्षिणेला गेलात तर नदी लागते, आणि नदीपलीकडे कॅनडातलं विंडसर. जर्नीचा गायक स्टीव्ह पेरी याला ते नाव कानाला बरं वाटलं म्हणून त्यानं घेतलं. इथे चौकशीचा कारकून पुरे : "साउथ डेट्रॉइट? पासपोर्ट आणलाय?" मात्र या गाण्यांची उत्तरं देताना पार्श्वभूमी एका वाक्यात आधी सांगून टाका. उत्तरानंतर स्पष्टीकरण दिलंत की हशा परत घेतल्यासारखा होतो.

काही गाणी लिहिणाऱ्यांनी स्वतःच हसत लिहिली आहेत, हे विसरू नका. व्हॅमच्या १९८४ च्या 'वेक मी अप बिफोर यू गो-गो'चं नाव व्हॅममधल्याच अँड्र्यू रिजलीनं घरच्यांसाठी लिहिलेल्या चिठ्ठीवरून आलं. त्यात 'अप' चुकून दोनदा पडला, मग 'गो'ही त्यानं मुद्दाम दोनदा लिहिला. अशा गाण्याला शहाणपणाचं उत्तर दिलंत तर तुम्हीच बावळट दिसाल. ह्यूमन लीगच्या १९८१ च्या 'डोन्ट यू वॉन्ट मी'त तर उत्तर आतच आहे : पहिल्या कडव्यात तो आपण तिला कसं घडवलं ते ऐकवतो, दुसऱ्यात ती शांतपणे सांगते की हे मी तुझ्याशिवायही केलं असतं. तिच्यानंतर बोलायची सोय नाही. ते गाणं कार्यक्रमात घ्यायचंच असेल तर उत्तर न देता, नमुना म्हणून वाजवा.

चुकीच्या ऐकलेल्या ओळींचं तुम्ही एकच उदाहरण घेतलंय. हा भाग वाढवा, तो तुमच्या सगळ्या वर्गाचा आहे. इंग्रजीत अशा चुकीला 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेनं १९५४ मध्ये हार्पर्स मॅगझिनमधल्या लेखात हा शब्द आणला. लहानपणी एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यातल्या 'लेड हिम ऑन द ग्रीन' या शब्दांत तिला 'लेडी मॉन्डेग्रीन' नावाची बाई ऐकू आली होती. आपल्याला जास्त चुकीचं ऐकू आलं याला इंग्रजी कच्चं असणं हे एकमेव कारण नाही. स, श, फ, थ, च ही व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी चार हजार हर्ट्झच्या वरच्या बारीक, धारदार आवाजांमुळे. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या सावकाश सरकते, आणि तिच्यावर हाच भाग सगळ्यात आधी मरतो. मित्राच्या कॅसेटवरून भरलेली कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, म्हणजे प्रत्येक पिढीत थोडी सरसर वाढली आणि थोडी व्यंजनं गळाली. फीत वाचणाऱ्या हेडवर मळ असेल किंवा ते केसभर तिरकं बसलं असेल, तर उरलेलीही गेली. साध्या भरलेल्या कॅसेटवर डॉल्बीचं, म्हणजे सरसर कमी करणारं, बटण दाबून ऐकलं तरी आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. स्वर शिल्लक, व्यंजनं गायब, मग मेंदू ओळखीचे शब्द भरतो. युरिद्मिक्सच्या १९८३ मध्ये गाजलेल्या 'स्वीट ड्रीम्स'मध्ये जगभरातल्या लोकांना 'दिस'च्या जागी 'चीज' ऐकू आलं ते उगाच नाही.

कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस ग्रुपवर विचारा : तुम्ही कुठली ओळ वर्षानुवर्षं चुकीची गायलात? आलेल्यांतल्या पाच निवडा आणि चुकीच्या ओळीलाच उत्तर द्या. ज्याची ओळ त्याचं नाव घ्यायचं तर आधी विचारून. इथे हसू गाण्यावरही नाही, माणसावरही नाही, त्या घासलेल्या फितीवर आहे, म्हणून या भागात कुणी दुखावत नाही.

काही गाण्यांना हात लावू नका. सुझान वेगाचं १९८७ चं 'लूका' ऐकायला हलकंफुलकं आहे आणि गाणारा दुसऱ्या मजल्यावर राहतो ही ओळ उत्तरासाठी फार मोहात पाडते, पण ते मार खाणाऱ्या मुलाचं गाणं आहे. 'बॉर्न इन द यूएसए'चं धृवपद छाती फुगवून गायलं जातं, कडवी मात्र व्हिएतनामहून परतलेल्या आणि काम न मिळालेल्या माणसाची. बँड एडचं १९८४ चं 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' तर सरळ प्रश्नच आहे. पण ते इथिओपियातल्या दुष्काळासाठी केलेलं गाणं, आणि खरं उत्तर असं की तिथे चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे, त्यांना ख्रिसमस ठाऊक होता. हे माहिती म्हणून सांगा, गंमत म्हणून नको. नियम सोपा ठेवा : निवडलेल्या प्रत्येक गाण्याचे सगळे शब्द एकदा नजरेखालून घाला. ओळखीच्या दोन ओळींवर विसंबून निवडलं की असे अपघात होतात.

सालंही तपासा. 'स्टेइन अलाइव्ह' १९७७ चं, 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ चं, 'विंड ऑफ चेंज' १९९० च्या अल्बममधलं. तिन्ही ऐंशीची म्हणून सर्रास खपतात आणि वर्गात एक तरी माणूस उठून सांगतोच. ॲपवर गाण्याखाली दिसणारं साल बऱ्याचदा नव्यानं काढलेल्या आवृत्तीचं किंवा संग्रहाचं असतं. पहिली ध्वनिमुद्रिका कधी निघाली ते बघा.

आता प्रत्यक्ष ४५ मिनिटं. वीस-बावीस गाण्यांचा बेत आहे तो खाली आणा. प्रत्येक गाण्याला ओळख, तुकडा, उत्तर, हशा आणि मागून येणारे शेरे धरून अडीच मिनिटं लागतात. चौदा गाणी म्हणजे पस्तीस मिनिटं. उरलेल्या दहात श्रोत्यांना दोन ओळी ऐकवून त्यांच्याकडून उत्तरं घ्या. त्या दहा मिनिटांत काय येईल सांगता येत नाही, म्हणून तो भाग शेवटी न ठेवता दहाव्या गाण्यानंतर ठेवा. रेंगाळला तर पुढची दोन गाणी गाळता येतील.

तुकडा १५ ते २० सेकंदांचा हवा आणि तो ओळीच्या शेवटच्या शब्दावर कापायचा. हळूहळू आवाज कमी करत नेलात तर मागचं संगीत तुमच्या उत्तराच्या अंगावर येतं आणि लोक गुणगुणायला लागतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका दुपारचं आहे. कापलेल्या जागी 'टक्' आवाज येतो, तो घालवायला शेवटच्या दहा-वीस मिलीसेकंदांत तेवढा आवाज उतरवत शून्यावर आणा (फेड-आउट), कानाला ते कळतही नाही. तिथेच 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'मध्ये सगळे तुकडे उणे १६ एलयूएफएसवर (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा. हे केलं नाही तर जुन्या सीडीवरून घेतलेलं गाणं पुटपुटेल आणि नव्यानं मास्टर केलेलं अंगावर ओरडेल, आणि मंचावरून आवाजाच्या माणसाला खुणा करण्यात तुमचं लक्ष जाईल. फायलींना ०१, ०२ असे क्रमांक द्या, गाण्यांची नावं देऊ नका, नाहीतर पडद्यावर पुढचं गाणं आधीच दिसतं. इंटरनेटवरून थेट वाजवू नका, नेमकी ओळीआधी जाहिरात लागते. लॅपटॉप आणि फोनच्या सूचना बंद ठेवा. चित्रीकरण पुढे कुठे टाकणार असाल तर गाण्याच्या हक्कांमुळे तुकड्यांचा आवाज बंद केला जाऊ शकतो, म्हणून तुमची उत्तरं वेगळ्या माइकवर आणि तुकडा पूर्ण थांबल्यावरच बोला.

तुकडा थांबल्यावर एक श्वास सोडा, मग उत्तर. तो एक सेकंद महत्त्वाचा, कारण ओळ डोक्यात पूर्ण उमटायला तेवढा वेळ लागतो. उत्तर वाचताना हसू नका.

मुलांची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय. पॉप गाण्यातले प्रश्न त्यांना चटकन कळतात, अडतं ते यंत्रांपाशी. टॉमी ट्यूटोनचं १९८१ चं गाणं म्हणजे नुसता एक फोन नंबर आहे, ८६७-५३०९, आणि जेनी नावाची मुलगी. ज्यांच्याकडे खरोखर तो नंबर होता त्यांना अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. मुलांना आधी एवढंच सांगा : तेव्हा फोन भिंतीला बांधलेला असे, कोण करतंय ते दिसत नसे, आणि घरातला कुणीही तो उचले. मग तुकडा, मग वैतागलेल्या काकांचं उत्तर : "जेनी इथे राहत नाही. सकाळपासूनचे तुम्ही चाळिसावे." सोबत एक कॅसेट आणि एक षटकोनी पेन्सिल मुलांच्या हातात फिरू द्या. सैल पडलेली फीत चाकाच्या दातांत पेन्सिल घालून गुंडाळून दाखवा. कॅसेटमध्ये पेन्सिल अशी नेमकी बसते हे बघितल्यावर ती पुढची गाणी वेगळ्या कानांनी ऐकतील.

चौदा गाण्यांचा क्रम लावताना पहिलं 'शुड आय स्टे' घ्या, ते तुमचं सगळ्यात भक्कम उत्तर आहे आणि खेळ कसा चालतो ते न सांगता कळतं. भूगोलाची दोन गाणी लागोपाठ नकोत. आईचा आवाज पाचव्याला आणि बाराव्याला. चौदाव्या क्रमांकाची जागा मैत्रिणीशी दुसऱ्यांदा बोलणं होईपर्यंत रिकामीच राहू द्या.